भाचीने दिलेला भरवसा

पुणे,
८ ऑक्टोबर २०२४

ती. रेवणप्पामामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवला. तोंडाने सांगायची हिंमत होईना, म्हणून लिहिते.

आमची कंपनी विकली गेली. जगभरचे प्रोग्रामर जिथे आपला कोड ठेवतात, एकमेकांचा दुरुस्त करतात, तो आमचा प्लॅटफॉर्म आता दुसऱ्याच मालकाचा झाला. फुकट ठेवलेलं काम जानेवारीनंतर राहील की पुसलं जाईल, कुणीच सांगत नाही. त्यात तुमची ‘पाणपाळी’ही आहे. सामायिक विहिरीचं पाणी कुणी कधी धरायचं ते मोबाइलवर कळवणारा हा प्रोग्राम तुम्ही निवृत्तीनंतर चार वर्षं डोळे फोडून लिहिलात.

मामा, विक्रीचं मला जुलैतच ठाऊक होतं. बाहेर बोलणार नाही अशी सही घेतली होती. पण नागपंचमीला गावी आले होते, तेव्हा जेवताना तुम्ही विचारलंत की लातूरचे एक प्राध्यापक हा कोड दुसरीकडेही ठेवून देतो म्हणतात, देऊ का. तेव्हा हो म्हणाले असते तरी सही मोडली नसती. भाची मोठ्या कंपनीत आहे हे तुम्ही गावभर सांगता, तो मान मला सोडवेना. मीच उलट रुसले, की माझ्या कंपनीवर भरवसा नाही का. बाकीच्या अकरा गावांनीही माझ्याच शब्दावर पाणपाळी घेतली आणि आपल्या पाळ्यांच्या याद्याही तिथेच ठेवल्या. माझी मलाच लाज वाटते.

रागवा, पण अबोला धरू नका.

तुमची,
शिवांजली

तामलवाडी,
१९ ऑक्टोबर २०२४

चि. शिवांजलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरला होता. तुझ्या मामीनं दोन दिवस चहा वाटला, मला मात्र एक कप मिळाला न्हाय. शेजारचा हणमंतप्पा अजून आपली पाळी आधी धरायला बघतो आणि मोबाइलनं नाव पुकारलं की चिडतो.

माझ्याकडं कोडची नक्कल हाय, माझी काळजी सोड. पण अकरा गावांना तू स्वतः लिही. कंपनी विकली गेली एवढंच नको, तुला आधी ठाऊक होतं तेही लिही. ते काम मी करणार न्हाय. लाज वाटली हे बरंच झालं, आता ती नुसती जवळ घेऊन बसू नकोस.

जेवणखाण वेळेवर कर. इथली माया हाय तशीच हाय.

तुझा मामा,
रेवणप्पा

पुणे,
२८ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

अकराही गावांना लिहिलं. काही लपवलं नाही.

पहिलं उत्तर वाशी तालुक्यातल्या जगदेवीबाईंचं आलं. त्यांच्या गावची पाणपाळी त्याच बघतात. त्यांनी कळवलं की सगळ्या गावांनी नक्कल केव्हाच काढून ठेवली आहे. पंचमीच्या दुसऱ्याच दिवशी म्हणे तुमचा फोन आला होता. पोरगी बोलताना वर बघत नव्हती, तेव्हा नक्कल काढून ठेवा, पण तिच्या कानावर घालू नका, असं तुम्ही बजावलं होतं.

म्हणजे माझं खोटं तुम्ही त्याच ताटावर ओळखलंत. वर आणखी एक पुरणाचं दिंड वाढलंत. दोन महिने त्यावरून मला एका शब्दाने बोलला नाहीत, आणि मी आपली तुम्हाला फसवल्याचं मनात धरून फिरत होते. गावं वाचली याचा आनंद आहे, पण मान वर होत नाही.

भाऊबीजेला आई तुमच्याकडे येणार आहे. मामा, मीही येऊ का?

तुमचीच,
शिवांजली