डावीकडची कड

वारंगा फाटा,
१९ मे २०२५

प्रिय शिवहारदादा,

नमस्कार. मी खुशाल आहे. वहिनी बरी असेल, तुमच्या रुद्रची दाढदुखी थांबली असेल. मेंढ्या अजून सिद्धेश्वरच्या कालव्याकडंच आहेत का? फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी फोटोच्या पाकिटात घालतेय.

आपल्या धाकट्या बहिणीच्या, साधनाच्या लग्नाचा मोठा फोटो तू परत पाठवलास. बैठकीत लावायचाय, पण डावीकडची कड कापून दे, असा निरोप. दादा, नवरा-नवरीचे चेहरे कुणीही टिपतं. सगळा मांडव एका फोटोत घ्यायचा तर उंचावर जावं लागतं, म्हणून अक्षतांच्या वेळी मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले. "पोरगी वर काहून चढून राहिली?" म्हणून माणिकमामा ओरडलेच. त्या फोटोत आख्खं गाव आलंय, खुर्चीत घोरणारे सटवाजीकाकासुद्धा. आणि डाव्या कडेला, मांडवाबाहेर, पाण्याच्या टँकरपाशी आपली आई. तिथूनच अक्षता टाकतेय. एवढ्या लांबून त्या पोचणार थोड्याच.

लोक म्हणतील, विधवा आईला बाहेर ठेवलं, याची तुला भीती. मला तुझ्यावर चिडायचं होतं. पण तिला बाहेर मीच घालवलं.

साधनानं हट्ट धरून तिला आत आणलं होतं. ती नेमकी नवरीच्या पुढ्यात आली आणि मी वरून ओरडले, "आई, बाजूला हो!" मला म्हणायचं होतं, दोन पावलं. बाबा गेल्यापासून प्रत्येक मांडवात तिनं हेच ऐकलंय. ती थेट टँकरपर्यंत गेली. माझा डोळा कॅमेऱ्याला, मला दिसलंच नाही. माझ्या फोटोच्या दुकानात तो मोठा करून पाहिला तेव्हा कळलं, आणि मी दुकान बंद करून रडले. तिला विचारलं तर म्हणते, "व्हय बाई, बराबर बोललीस. मलाच भान न्हाई राह्यलं."

फोटो कापणार नाही. होता तसाच, आणखी मोठा करून पाठवतेय. बैठकीतच लाव. कुणी विचारलं तर माझं नाव सांग.

रविवारी साधना आणि जावई येतील तेव्हा मी पुन्हा ट्रॉलीवर चढणार आहे. आई मधोमध उभी राहील, तिच्याच हातानं दोघांना ओवाळेल. तू तिला हात धरून आत आण. ती येईपर्यंत मी बटण दाबणार नाही, सगळं गाव उन्हात थांबलं तरी.

तुझीच,
आता बाजूला न होणारी
रागिणी