लाल चिठ्ठी, शंभर अंडी आणि तेंगचा डावा डोळा

मी, पायोम स्रीसावात, वय चौसष्ट, पूर्वी मुष्टियोद्धा, त्यानंतर तालुक्याच्या शाळेत आरोग्यशास्त्राचा शिक्षक आणि सध्या लढवय्यांच्या तालमीचा चालक, राहणार बान नोंग-खाम, प्रांत रोइ-एत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि सकाळचा भात व्यवस्थित जेवून झाल्यावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी दिलेली आश्वासने पुष्कळ आहेत. ती सर्व रद्द समजावीत.

मन ठिकाणावर असल्याचा डॉ. काम्फोन यांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी ते केले, आणि या चाचणीने मेंदूचा कोणता भाग तपासला जातो व कोणता तपासायचा राहून जातो, हे त्यांना आकृती काढून समजावले. 'स्मरणशक्ती उत्तम' या शब्दांपुढे त्यांनी 'बोलणे दीर्घ' असे लिहिले आहे. ते निदान समजू नये.

शरीराची स्थिती नोंदवणे योग्य होईल. आमच्या मुष्टियुद्धात गुडघे-कोपरही चालतात; डावा कान गुडघ्यांचे तडाखे खाऊन बंद झाला आहे. दोन्ही हातांना कंप आहे. मूत्रपिंडे निम्म्या कामावर आली आहेत. त्याचे कारण पुढे येईल. मला मरणाची घाई नाही, परंतु माझा पठ्ठा तेंग याची फौजेची भरती येत्या आठवड्यात आहे आणि त्याआधी हा कागद पुरा व्हावा अशी इच्छा आहे.

कलम एक. राहते घर, त्यामागचे चिंचेचे झाड आणि बँकेतील शिल्लक माझी पत्नी लामदुआन हिला मिळावी. तिला हे कलम वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "घर माझ्या आईचं. तुम्ही लग्न करून त्यात राहायला आलात. माझंच घर मला देताय होय?" मुद्दा बिनतोड आहे. तरीही कलम तसेच ठेवत आहे, कारण छपराचे पत्रे मी घातले आहेत.

कलम दोन. शिकवण्यासाठी वापरलेला प्लास्टिकचा हाडांचा सापळा शाळेला द्यावा. त्याच्या डाव्या पायातील एक हाड मी सुपारीच्या लाकडाचे बसवले आहे. कोणते, ते विद्यार्थ्यांनी ओळखावे. सापळ्याला टोपी घालण्याची प्रथा बंद व्हावी. मानेचा पहिला मणका दिसत नाही.

कलम तीन. तालमीतील वजनकाटा तालमीतच राहावा, पण एका अटीवर. लढतीच्या आधी वजन उतरवण्यासाठी कोणालाही प्लास्टिकचे कपडे घालून उन्हात पळवू नये आणि पाणी तोडू नये. याचे शास्त्र सोपे आहे. मूत्रपिंड ही गाळणी आहे. गाळणीला पाणीच दिले नाही आणि वरून कुटलेल्या स्नायूंचा गाळ मात्र ओतत राहिलो, तर ती तुंबते. मी हे कळण्याआधी अनेक वर्षे केले. काट्यावर पठ्ठा जड भरला तर वरच्या गटात लढवावा. वरच्या गटातले लोक काही माणसे खात नाहीत.

कलम चार. माझे मेहुणे सानित, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. कारण लिहून ठेवतो.

मी एकवीस वर्षांचा असताना भरतीच्या मंडपात मला बोलावणे आले. पुढेमागे कायदा बदलला तर वाचणाऱ्यास कळावे म्हणून पद्धत सांगतो. आधी डॉक्टर तपासतात. धडधाकट ठरलेल्याने मडक्यात हात घालून चिठ्ठी काढायची. काळी निघाली तर घरी, लाल निघाली तर दोन वर्षे फौजेत. मी तेव्हा चान गुरुजींच्या तालमीतला सर्वांत आशेचा पठ्ठा होतो आणि बँकॉकची माझी पहिली मोठी लढत ठरलेली होती. आईचे पाय सुजलेले होते, म्हणून तिने दाजींना विहारात जाऊन नवस बोलायला पाठवले: काळी चिठ्ठी निघू दे, शंभर उकडलेली अंडी वाहीन.

आमच्या भागात जावईच सासरी नांदायला येतो, त्यामुळे दाजी घरजावई होते असे म्हणण्यात टोमणा नाही. टोमणा पुढे आहे. आईला अभिप्रेत होता आमच्या गल्लीच्या टोकाचा, धाकट्या बाबांचा लहान विहार. दाजी परगावचे. ते नदीकाठच्या मोठ्या विहारात थोरल्या बाबांकडे, म्हणजे तिथल्या मोठ्या बुद्धमूर्तीकडे गेले. थोरले बाबा मूल देतात, पीक देतात, लॉटरीचा आकडाही सुचवतात. पण त्यांना शिपाई आवडतात. भरतीतून सोडवा असे त्यांच्यापुढे म्हटले की माणूस हमखास फौजेत जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

"कुठल्या बाबांकडे बोललास?" आईने विचारले.

"थोरल्या. धाकट्यांकडे कशाला जायचं, आई? काम मोठं होतं."

"अरे कर्मा! त्यांना शिपाई आवडतात रे!"

"मग परत जाऊन नको म्हणून सांगू का?"

"आता जाऊन आठवण करून देतोस? बस गप."

मंडपात मी हात घातला. अधिकाऱ्याने चिठ्ठी उंच धरून 'लाल!' अशी आरोळी ठोकली आणि रांगेतल्या सर्वांनी टाळ्या वाजवल्या, कारण माझी लाल म्हणजे मागे उभ्या असलेल्या कुणाची तरी काळी. सर्वांत जोरात टाळ्या दाजींनी वाजवल्या. त्यांना वाटले, मी सुटलो.

पुढचे सांगणे आवश्यक आहे. फौजेत कवायतीच्या मैदानावर मी कोसळलो. कॅप्टन विसुत नावाचे डॉक्टर होते. त्यांनी विचारले, "लघवी अशी चहासारखी कधीपासून होते?"

"लढतीच्या आधी नेहमीच होते, साहेब."

"नेहमी होतं म्हणजे बरं असतं, असं कोणी सांगितलं?"

बँकॉकच्या त्या लढतीसाठी मी आणखी वजन उतरवणार होतो. मूत्रपिंडांनी ते सोसले नसते, असे त्यांनी मला चित्र काढून दाखवले. मग त्यांनी मला कवायतीवरून काढून इस्पितळात मदतनीस नेमले, हाडे-स्नायूंची नावे पाठ करून घेतली आणि सुटताना शिक्षक हो असे बजावले. लाल चिठ्ठीने माझे रिंगण घेतले आणि बाकीचा सगळा मी परत दिला. पाठीच्या कण्यातून मज्जातंतू कसे बाहेर पडतात हे पहिल्यांदा समजले, तेव्हा मला जो आनंद झाला तसा कोणत्याही लढतीत झाला नव्हता.

आईने मात्र शेवटपर्यंत थोरल्या बाबांशी अबोला धरला. मागितले ते दिले नाही, म्हणून अंडी देणे लागत नाही, असे तिचे म्हणणे. मी विचारांती उलट मतावर आलो आहे. सबब, माझ्या दहनानंतर सानित दाजींनी शंभर उकडलेली अंडी स्वतः उचलून नदीकाठच्या विहारात न्यावीत, या वेळी बरोबर ठिकाणी जावे, आणि वाहून झाल्यावर ती तालमीतल्या पोरांना खायला घालावीत.

दाजी म्हणाले, "म्हणजे मला काहीच नाही? वर हमाली?"

"तुम्ही साक्षीदार आहात, दाजी. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. तुम्हाला काहीच नाही, म्हणून तुम्ही सर्वांत योग्य. कायदाच आहे तसा."

"कायदा नेमका माझंच घर शोधत येतो."

कलम पाच. तालीम, म्हणजे जमीन, शेड, रिंगण आणि पिशव्या, माझा पठ्ठा अनुवात ऊर्फ तेंग याला मिळावी. आम्हाला मूलबाळ नाही. तो लहानपणापासून आमच्याकडे वाढला आहे.

येथे तेंगच्या डाव्या डोळ्याबद्दल लिहिणे भाग आहे. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, एक पातळ पडदा असतो. उजेड त्याच्यावर पडतो तेव्हा आपल्याला दिसते. ओल आलेल्या भिंतीवरचा कागद कोपऱ्यातून सुटू लागतो, तसा तेंगचा पडदा एका कोपराच्या फटक्यानंतर सुटू लागला आहे. आत्ता शिवून घेतला तर राहील. आणखी मार बसला तर तो डोळा गेला. हे त्याला प्रांताच्या इस्पितळात सांगितले आहे आणि त्याने मला सांगितले आहे.

मे महिन्यात त्याची बँकॉकला लढत ठरली आहे. त्याआधी भरती. भरतीच्या डॉक्टरांना डोळ्याबद्दल सांगितले तर चिठ्ठी काढावी लागणार नाही. परंतु एकदा ते सरकार दरबारी नोंदले गेले की त्याला कोणी रिंगणात उभे करणार नाही. म्हणून त्याने गप्प राहायचे ठरवले होते.

"काळी निघाली तर बँकॉक, गुरुजी. लाल निघाली तर मग बघू. आणि दिसतं मला. सगळं दिसतं."

मी उजवा डोळा झाकायला लावून बोटे पुढे धरली. "किती?"

"चार."

"दोन आहेत."

"तुमचा हात हलतोय म्हणून!"

या युक्तिवादाचे उत्तर लामदुआनकडे होते. ती शेगडीवरची कोंबडी उलटवत म्हणाली, "घालव डोळा, आण विजेत्याचा पट्टा. मग पट्टा कुठे ठेवलाय ते शोधायला मलाच हाक मारशील."

~~ही तालीम तेंगला तेव्हाच मिळावी, जेव्हा तो भरतीच्या डॉक्टरांपुढे डोळ्याबद्दल खरे सांगेल.~~

वरील ओळ मी खोडली आहे. ती वाचता येईल अशीच खोडली आहे, कारण खाडाखोड कशाची ते दिसले पाहिजे. मसुदा वाचून दाखवला तेव्हा तेंगने हाताच्या पट्ट्या गुंडाळून बाजूला ठेवल्या. नंतर म्हणाला, "तालीम नको मला, गुरुजी. दुसऱ्या कुणाला द्या." आणि पाणी भरायला निघून गेला.

मी विचार केला. 'तू हे कर, म्हणजे मी ते देईन' हे वाक्य मी पूर्वी ऐकलेले आहे. आई अंड्यांवर नवस बोलली होती, मी जमिनीवर बोलत होतो. तिला तरी समोर थोरले बाबा होते. माझ्यासमोर एक पोरगा होता आणि डोळा त्याचा होता. म्हणून तालीम तेंगला विनाअट मिळावी. त्याने सांगितले तरी, न सांगितले तरी, दोन्ही डोळ्यांनी पाहिली तरी आणि एकाने पाहिली तरी. एवढे लिहिताना मला भीती वाटत आहे, हेही नमूद करतो.

कलम सहा. चान गुरुजींकडून माझ्याकडे आलेला मोंखोन, म्हणजे लढवय्याने डोक्यावर चढवून रिंगणात जायचे मंतरलेले कडे, तेंगला मिळावा. तो कधी जमिनीवर ठेवू नये, कपड्यांच्या दोरीखालून नेऊ नये. तेंगने ध्यानात घ्यावे की हा त्याच्या डोक्यासाठी दिलेला नाही. मोंखोन स्वतःचा स्वतः घालता येत नाही. गुरूने चढवायचा आणि नमन झाल्यावर गुरूनेच उतरवायचा. हा त्याच्या हातांसाठी दिला आहे.

येणेप्रमाणे, वाचून, समजून आणि दोन साक्षीदारांदेखत सही करत आहे.

बान नोंग-खाम, २९ मार्च, बौद्ध संवत २५६७

सही: पायोम स्रीसावात
(अक्षर थरथरले आहे. ते माझेच आहे.)

साक्षीदार: १. सानित (नाराजी नोंदवून) २. डॉ. काम्फोन

पुरवणी

वरील मृत्युपत्रात पुढील बदल मी त्याच साक्षीदारांसमक्ष करत आहे.

भरतीच्या दिवशी तेंगबरोबर मी मंडपात गेलो होतो. घरून निघताना डोळ्याचा विषय मी काढला नाही. हे किती अवघड गेले ते लामदुआनला विचारावे. तपासणीच्या मेजाशी डॉक्टरांनी "काही तक्रार?" असे विचारले. तेंग म्हणाला, "नाही." डॉक्टरांनी शिक्का मारला. तो जाऊन चिठ्ठीच्या रांगेत उभा राहिला. मी बाकावर बसून स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरले.

रांग सरकत होती. मडके जवळ आले तेव्हा तेंग एकदम वळला आणि परत मेजाशी गेला.

"काय रे, परत का?" डॉक्टर म्हणाले.

"डाव्या डोळ्यानं तुमचा अर्धाच चेहरा दिसतोय, साहेब."

"कुठला अर्धा?"

"वरचा. नुसतं टक्कल."

सगळा मंडप हसला, डॉक्टरही हसले आणि मग हसणे थांबवून त्यांनी बॅटरी काढली. तेंगला चिठ्ठी काढावी लागली नाही. पडदा शिवण्याची तारीख नववर्षाच्या सणानंतरची मिळाली आहे. डोळा राहील, असे प्रांताच्या इस्पितळाचे म्हणणे आहे. बँकॉकला नकार कळवला. त्या संध्याकाळी तेंग जेवला नाही आणि आम्ही कोणी त्याला जेव म्हटले नाही.

परत का वळलास, असे मी दुसऱ्या दिवशी विचारले. तो म्हणाला, "रांगेत पुढचा पोरगा कुठे संपतो तेच कळेना, गुरुजी. दोनदा त्याच्या पाठीवर आपटलो. तिसऱ्यांदा त्यानं मारलं असतं." याहून अधिक कारण त्याने दिलेले नाही आणि मी मागितलेले नाही.

काल नदीकाठच्या विहाराच्या जत्रेत आमच्या तालमीच्या पोराची लढत होती. मोंखोन चढवायला मी उठलो. गेली काही वर्षे माझ्या हातांच्या कंपामुळे तो पोरांच्या डोक्यावर वाकडा बसतो आणि नमनाचा नाच संपेपर्यंत कानावर येतो. कोणी बोलत नाही, पण मला दिसते. मी तो तेंगच्या हातात दिला. तो म्हणाला, "मी?" मी म्हणालो, "मग काय दाजी?" त्याने दोन्ही हातांनी धरला, कपाळाला लावला, ओठांत पुटपुटला आणि पोराच्या डोक्यावर चढवला. सरळ बसला.

सबब, कलम सहा रद्द करण्यात येत आहे. त्यात नमूद केलेली वस्तू आता माझ्या मालकीची राहिलेली नाही.

बान नोंग-खाम, ११ एप्रिल, बौद्ध संवत २५६७

सही: पायोम स्रीसावात

साक्षीदार: १. सानित २. डॉ. काम्फोन