‘टेक’ हे क्रियापद आणि तुमची बहीण

तीर्थस्वरूप दादांना त्यांच्या एकुलत्या एका मेहुण्याचा साष्टांग नमस्कार (कागदावरच बरं का, कंबर दुखते असं मी घरात जाहीर केलंय, का ते पुढे वाचाल). तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचं ब्लडप्रेशर? कानातलं यंत्र लावता की अजून खिशातच ठेवता? इकडे सगळं मजेत. तुमच्या बहिणीचं शिलाई मशीन तेवढं परवा दुरुस्तीला गेलं, त्यामुळे घर इतकं शांत आहे की मला माझेच विचार ऐकू येतात, आणि ते काही फारसे ऐकण्यासारखे नाहीत.

आता मूळ विषय. तुमच्या बहिणीने इंग्रजीचा वर्ग लावलाय. वाचनालयाच्या माडीवर, संध्याकाळी पाच ते सहा. जन्मभर दुनियेचे कपडे शिवले, आता दिवसातला एक तास माझा, असं तिचं म्हणणं. अगदी रास्त आहे. पण पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाल्यापासून नेमका तोच तास मला खायला उठायचा, म्हणून आठवड्याभरात मीही गुपचूप नाव घातलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग वाचनालयाच्या जिन्यात थांबून तिने अट घातली, वर्गात आपली ओळख नाही. नवरेपणा केलात तर मी वर्ग सोडेन. मी कबूल केलं. (कबूल करण्यात मी पहिल्यापासून हुशार.)

आणि या ‘टेक’चं काय सांगू तुम्हाला! आमच्या बाई (वयाने नातीएवढ्या, आवाजाने हेडमास्तर) म्हणाल्या, टेक म्हणजे घेणे. मी खूश, एवढं तर येत होतं. पण हे लोक काय वाटेल ते घेतात हो! बस घेतात, म्हणजे नुसतं तिच्यातून जातात. फोटो आपण काढतो, ते घेतात. अंघोळ आपण करतो, तीही घेतात. चप्पल काढली तरी टेक ऑफ, विमान उडालं तरी टेक ऑफ. मुलगी आईच्या वळणावर गेली तरी पुन्हा टेकच. आणि परीक्षा? आपण आयुष्यभर परीक्षा दिली, दादा, यांच्यात म्हणे विद्यार्थी ती घेतो! मग मास्तर काय करतो, मी विचारलं. तर तो देतो. म्हणजे मॅट्रिकची परीक्षा मी पुन्हा पुन्हा घेतली, मास्तर बिचारे देत राहिले, तरी नापास मीच! (हे मी भर वर्गात बोललो. सगळे हसले. तुमची बहीणही हसली, मग ओळख नसल्याचं आठवून खिडकीबाहेर बघायला लागली.)

गेल्या सोमवारी बाईंनी जोड्या लावल्या आणि नेमकी आमचीच जोडी लागली. ‘टेक’ घालून एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. मी विचारलं, डू यू टेक शुगर? (कपात दोन चमचे घालते आणि डॉक्टरला एक सांगते, मला नको माहीत?) ती परक्यासारखी नो थँक यू म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, खोटं! इथवर निभावलं असतं. पण तिच्या खांद्यावर एक निळा दोरा होता. शिवणकाम करणाऱ्या माणसाच्या अंगावर दोरा असायचाच, आणि ती बाहेर निघाली की तो काढणं हे लग्नापासून माझं काम. हात आपोआप गेला. दोरा चिमटीत धरला, खिशात टाकला, आणि बघतो तर सगळा वर्ग माझ्याकडेच वळलेला. पुढच्या बाकावरचे निवृत्त फौजदार उठून उभे राहिले. बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या, शोभतं का या वयात! बाईंनी मला उभं केलं आणि तुमच्या बहिणीला विचारलं, काकू, हे गृहस्थ तुम्हाला त्रास देतात का? सांगा, आत्ता यांचं नाव काढून टाकते.

नवरा आहे म्हणावं तर ती वर्ग सोडणार, आणि वर्गाला निघताना ती गुणगुणते हो, दादा. इतक्या वर्षांत मी तिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. त्यापेक्षा आपण लफंगा ठरलेलं बरं. शेवटी ती उठली, चष्मा सारखा केला आणि फळ्याकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाली, “आय टेक हिम होम. एव्हरी डे.” क्षणभर कुणाला काही कळेना. मग पहिली टाळी फौजदारांनीच वाजवली. बाईंनी व्याकरणही सुधारलं नाही. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

पण त्यात तिचा तास गेला. दुसऱ्या दिवसापासून जो तो तिलाच विचारतो, काका आज गप्प का, काकांनी औषध घेतलं का. तिथेही ती माझी बायकोच झाली. बोलली काही नाही, पण गुणगुणणं थांबलं. म्हणून काल मी बाईंना सांगून माझं नाव काढून घेतलं आणि घरी कंबर पुढे केली. आज ती एकटी गेलीय. मी घड्याळाकडे बघत हे पत्र लिहितोय.

वहिनींना नमस्कार सांगा, आणि ते यंत्र कानात घाला.

तुमचा,
नाव कापलेला विद्यार्थी

ता. क. – खरं काम हे, की ते यंत्र घालून रोज पाच वाजता मला फोन करा आणि सहापर्यंत सोडू नका. तुमचं पित्ताशयाचं ऑपरेशन पुन्हा पहिल्यापासून सांगितलंत तरी ऐकेन. नाही तर माझे पाय वाचनालयाकडे वळतात. तिला यातलं अक्षर कळू देऊ नका.

ता. क. पुन्हा – पाकीट चिकटवणार तेवढ्यात ती आली. बाईंनी तिला सगळं सांगितलं म्हणे. मी घाईघाईने कंबरेवर हात ठेवला, तर म्हणाली, राहू द्या ते नाटक. मंगळवार-गुरुवार माझे, बाकीचे दिवस तुम्ही या. तेव्हा फोन फक्त मंगळवारी आणि गुरुवारी करा. आणि हे सगळं बोलताना ती दारातच उभी होती, आत येईना. खांद्यावर लाल दोरा होता. मी काढला, खिशात टाकला, तेव्हा कुठे ती आत आली. दादा, मशीन परवापासून घरात नाही. तो दोरा तिने स्वतःच ठेवला होता.