यंत्रानं विचारलं, जेवली का

बाबा,

तुमची जीभ काढली त्या वर्षी घरात कॉम्प्युटर आला, असं आई सगळ्यांना सांगते. ते बरोबर नाही. कॉम्प्युटर त्याच्या आधीच आला होता. मी चंद्रपूरला इंजिनिअरिंगला लागले तेव्हा तुम्ही तो घेतलात, आणि मी होस्टेलवर असताना गडचिरोलीच्या घरी तो तुम्हीच वापरायचा. ऑफिसात सारी नोकरी टायपिंगमध्ये गेली म्हणून तुम्ही विंडोजवर टाइपरायटरसारखाच चालणारा मराठी फॉन्ट टाकून घेतला होता. कळांकडे न बघता, खिडकीबाहेर बघत तुम्ही टाइप करायचा. गालात खर्रा असायचा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून आणलेली ती पुडी तुमच्या खिशात असायचीच, आणि सकाळी स्वयंपाकघरात आईला पेपर वाचून दाखवताना तुम्ही मध्येच थांबून खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारायचा. आई तांदूळ निवडत ऐकायची. ती दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षरं ओळखायची, पण शब्द जुळेपर्यंत तिचा धीर सुटायचा.

नागपूरच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर तुम्ही परत आलात ते एका बाजूचा जबडा गमावून, नाकात नळी घेऊन. आई तांदळाची पेज गाळून, कोमट करून नळीतून सोडायची. तुम्हाला जे सांगायचं ते तुम्ही पाटीवर लिहायचा, मोठं असलं तर कॉम्प्युटरवर, आणि मी ते आईला वाचून दाखवायची. पण मी शनिवार-रविवारीच घरी. बाकीचे दिवस तुम्ही दोघं एका घरात कसे काढत होता, याचा मी तेव्हा नीट विचार केला नव्हता.

एका शनिवारी मी घरात पाऊल टाकते तर वास येतो. तुम्ही खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. कॉम्प्युटरवर तुमची फाइल उघडली तर वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: कानामागं ठणकते. पाणी येऊन राह्यलं. दवाखान्यात चल. तेच खाली पुन्हा, आणि पुन्हा. मी वाचून दाखवलं तशी आई खाटेशी येऊन बसली.

"बुधवारपासून मले पडदा दाखवत होते वो. मले वाटलं, ऑफिसचं काई लिवून राह्यले. मी म्हटलं, लिवू दे, जीव रमते त्यायचा."

"शेजारी काऊन नाई बोलावलं?"

"वास याले लागला तवा म्हटलं बी, तर तेच नाई म्हनत होते. हात जोडत होते. असं तोंड कोनाले दाखवू, म्हनून."

जखम पिकली होती. पुन्हा नागपूर झालं.

कॉलेजातल्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एक सीडी दिली. देवनागरीत लिहिलेलं मोठ्यानं वाचणारा एक प्रोग्रॅम होता, हिंदीसाठी केलेला, पण मराठीही वाचेल म्हणाले. अडचण एकच. तो विंडोजवर चालत नव्हता, लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमवरच चालायचा. तुमचं सगळं लिहिलेलं विंडोजवर. मग एकाच मशीनवर दोन्ही टाकायचं ठरलं. मी तुमच्या फायली सीडीवर उतरवून घेतल्या, हार्ड डिस्कमधली रिकामी जागा वेगळी काढली. इन्स्टॉलेशन चालू असताना तुम्ही खुर्ची ओढून माझ्या मागं बसलात. लाइट जाईल म्हणून मला धाकधूक, आणि तुम्ही पाटी पुढं करत होता. 'माझं पुसलं जाणार नाही ना?' मी नाही म्हणायची, तुम्ही पुसून तेच पुन्हा लिहायचा.

पुसलं गेलं नाही. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची. बाणाची कळ दाबून एक निवडायचं, नाही निवडलं तर ते आपणच विंडोजमध्ये जायचं. तुम्हाला ते लगेच जमलं. जमलं नाही ते टाइप करणं. लिनक्समध्ये अक्षरांच्या जागा वेगळ्या होत्या. तुम्ही नेहमीसारखं खिडकीबाहेर बघत एक ओळ मारलीत आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं. तुम्ही पाटीवर लिहिलंत, 'इथं माझी बोटं आंधळी आहेत.' तरी शिकलात. पुढच्या खेपेला मी आले तेव्हा एकेक कळ शोधत, पण लिहीत होता.

दुपारची वेळ आहे. आई हात पुसत बाहेर येते. तुम्ही तिला खुणेनं थांबवता, दोन शब्द मारता, आणि स्पीकरच्या डब्यातून एक पुरुषी, सपाट, परका आवाज येतो. जेवली का.

आईनं डोक्यावर पदर घेतला. तुमच्याकडे नाही, कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, "हो जी, जेवली. तुमचं झालं का जी?"

मी हसले. तुमच्या चेहऱ्याची उरलेली बाजू हसू शकत होती की नाही, मला सांगता येत नाही.

त्यानंतर तुम्ही लिनक्स उघडलंच नाही. आई म्हणायची, "लावा नं त्या मानसाले, चांगला बोलते तो," आणि तुम्ही मान हलवून विंडोज सुरू करायचा. मी चिडले. म्हटलं, "बाबा, पुन्हा तसं काही झालं तर? मी काय रोज इथी आहो का?" तुम्ही पाटी घेतलीत. 'ती त्याच्याशी बोलते,' एवढंच लिहिलंत.

दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. शेवटच्या आठवड्यात मी घरीच होते, त्यामुळे तुम्ही पाटीवर लिहिलेलं सगळं आईला माझ्या तोंडून कळलं. शेवटी शेवटी तुम्ही लिहिणंही सोडलंत. आईच्या मनगटावर हात ठेवून पडून राहायचा, आणि ती तुमच्याशी बोलत राहायची, तुमच्याकडे बघून.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. तुमचा आवाज आठवायला बसले की यंत्राचा तो आवाज येतो. हिंदीसाठी केलेला म्हणून तो 'ळ'ला 'ल' म्हणायचा, हे मी तो टाकून बघितला तेव्हाच ऐकलं होतं. आता माझ्या आठवणीतले तुम्हीही तसंच म्हणता. आईला काय ऐकू येतं, ते मी कधी विचारलेलं नाही.