काचेवरची अबोली

मंगळ., ३ फेब्रु.
संदेशच्या हाताला डिचोलीत प्लास्टर घातलं. धाकटा भाऊ, लहानपणी विंचू चावला तरी रडला नव्हता. काल रडला. खनिजाच्या ट्रकांची धूळ नको म्हणून गाव रस्त्यावर बसला, पोलिसांनी काठ्या चालवल्या, आणि गुन्हा ह्याच्यावरच. म्हणे ह्याने आधी हात उगारला.
अडवलेल्या ट्रकांत आमच्या ह्यांचाही होता. घरी आले, जेवले, झोपले. मेव्हण्याबद्दल चकार शब्द नाही. रस्त्यावर बसलेल्यांची नावं पोलिसांना कोणी पुरवली?

गुरु., ५ फेब्रु.
ह्यांनी फोनला कुलूप लावलंय. विचारलं तर, "कंपनीन सांगल्यान सगळ्यांका." वासूच्या बायकोला हळूच विचारलं. वासूही ट्रकच चालवतो, सुपरवायझरच्या चहाला रोज हजर. त्याच्या फोनला काही नाही. म्हणजे हे खोटं बोलले. नावं ह्यांनीच दिली असतील तर... लिहवत नाही.

रवि., ८ फेब्रु.
संदेश फोन नाचवत आला. लंडनमध्ये मोर्चा. देशोदेशी पोलिसांनी, लष्कराने मारहाण केलेल्या माणसांचे फोटो घेऊन लोक उभे. एका गोऱ्या म्हातारीच्या हातात आमचा संदेश! रस्त्यावर मांडी घालून बसलेला, डोक्यावर काठी. कुणीतरी त्या दिवसाचा व्हिडिओ तिकडे पाठवला, त्यातलाच फोटो.
"ताय, आतां केस पडटली. हांवें हात उगारूंक ना, दिसता मगो!"
मागून आलेली आई म्हणाली, केस सुटेल तेव्हा सुटेल, ही बाई आपली कोण? मलाही कळेना. एवढ्या थंडीत आमच्या पोरासाठी कोण उभं राहतं? मागे काही डाव तर नाही?
मग फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात ट्रकच्या काचेची आतली बाजू, काचेला गजऱ्यासारखी गुंफलेली अबोलीची फाती. केशरी, मधेमधे पिवळी. पिवळ्या अबोलीचं झाड गावात आमच्याच अंगणात. ह्यांच्या ट्रकसाठी रोज सकाळी मीच गुंफते.
 फोटो लहान करून फोन संदेशला परत दिला.

सोम., ९ फेब्रु.
पोलीस गावात. व्हिडिओ कोणी काढला? सुपरवायझरने ड्रायव्हरांना रांगेत उभं केलं म्हणे. ज्याने काढला त्याचा ट्रक बंद, वर केस.
ह्यांना शेवटी विचारलंच. ताटातून मान वर न करता, "माका काय इचारतंस? आमटी वाढ."
कुलूप कशाला ते कळलं. तरी चिडले. मला सांगायला काय झालं होतं? माझा विश्वास नाही? पण माझा तरी कुठे होता ह्यांच्यावर.

मंगळ., १० फेब्रु.
फाती घालावी की नको? घातली तर फोटोशी जुळणार. नाही घातली तर लोक विचारणार, आजच का नाही? दोन्हीकडून मरण.
पिवळी सगळी खुडली. शेजारणींकडून केशरी मागून आणली. देवीचा वार आहे म्हणत नाक्यावर उभ्या प्रत्येक ट्रकला एकेक फाती दिली. प्रत्येकीत पिवळी घातलेली. हे आरसा पुसत होते, पुसतच राहिले. ड्रायव्हर हसले. "वैनी, आज कसली परब?" पण काचेला अडकवल्या.
वासूने हातात घेऊन उलटीसुलटी केली. फोन काढून तोच लंडनचा फोटो मोठा करून बघत राहिला.
"ही पिवळी तुमचीच मगो, वैनी?"
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
त्याने फाती काचेला लावली नाही. खिशात घातली, आणि सुपरवायझरच्या चहाला निघाला.