आपल्या धरणाची वीज

९ जानेवारी

वीजघराचं तिसरं यंत्र आलं एकदाचं! एवढा लांब ट्रेलर की वळणावरची चहाची टपरी उचलून बाजूला ठेवावी लागली. धरणाची भिंत उंच झालीच आहे, आता हे यंत्र बसलं की वीज वाढेल. बंद पडलेले कारखाने उघडतील म्हणतात.

घरी येऊन आधी शेडमध्ये गेलो, लोखंड कातायच्या लेथवरची ताडपत्री काढली. ही म्हणाली, "लेकाचे नाही केले एवढे लाड त्या लोखंडाचे करता." तेलाची बुधली मात्र तिनेच आणून दिली.

धाकटा शहरात गेला तेव्हा म्हणाला होता — "बाबा, लाईट सारखी जाते, लेथवरचं काम अर्ध्यात अडकतं. गिऱ्हाईक तरी किती थांबणार? लाईट टिकायला लागली की मी परत." तो शब्द मी जिवाशी धरून बसलोय.

२ मार्च

लेथचं चक, लोखंडाचा तुकडा पकडणारा तो जबडा, हाताने फिरवून पाहिलं. लोण्यासारखं फिरतं. गंज नाही.

२७ मे

वायरमन मीटर बघायला आला होता. म्हटलं, "धरण आपलं, तेव्हा पहिली वीज आपल्याच गावाला ना?" तो हसायला लागला. "काका, वीज म्हणजे काय घरची विहीर आहे? तारेत शिरली की सगळ्यांची. इथली, शहरातली, लाईन एकच." मी म्हटलं, "असू दे. आपल्याला मिळाल्याशी कारण."

१६ ऑगस्ट

परवा यंत्र सुरू झालं. तेव्हापासून लाईट गेलेली नाही. हिला खरंच वाटत नाही, येता-जाता बटण दाबून बघते.

धाकट्याला फोन केला. "लाईट टिकली रे." तो म्हणाला, "इथेही टिकली, बाबा. तुमच्याच धरणाची आहे." मागे लेथ चालू होतं — तो आवाज मला झोपेतही कळेल. "दोन माणसं ठेवलीत हाताखाली. मोठं काम मिळालंय."

छान झालं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"काय म्हणाला?" हिने विचारलं. "कामात आहे." मी शेडमध्ये जाऊन लेथवर परत ताडपत्री घातली, चारी बाजूंनी नीट खोचली.

३ सप्टेंबर

फोन नाही. कामात असेल.

२१ सप्टेंबर

दुपारी लाईट गेली. वीजघरात काहीतरी बिघडलं म्हणे. पंखा थांबतो न थांबतो तोच फोन — धाकटा! "बाबा, तुमच्याकडेही गेली?"

"गेली."

"मग बसलोय हातावर हात ठेवून."

बसला म्हणून बोलला. माझा गुडघा विचारला, आईशी भाजीच्या भावावरून भांडला. मग हळूच, "चक फिरवता का हो अजून?"

"फिरवतो."

"फिरवत राहा."

त्याच्याकडे शांत, आमच्याकडे शांत. जणू पलीकडच्या खोलीतूनच बोलतोय. तेवढ्यात पंखा फिरला, तिकडे लेथ घरघरलं. "आली. ठेवतो, बाबा."

१० ऑक्टोबर

वायरमन सांगत होता, यंत्र आता असं बसलंय की वर्षभर बघायला नको. शाबासकी दिली त्याला. कारखान्याचा भोंगाही वाजू लागलाय, गावाचं भलं झालं.

पण त्या दिवसानंतर फोन नाही; दुपारी पंख्याखाली पडलो की नजर फिरत्या पात्यांकडेच जाते. थांब ना रे जरा.