पाखरांची परीक्षा

गिरगाव, मुंबई
१२ सप्टेंबर १९३७

तीर्थरूप बाबांचे सेवेशी, बालके जगदेवाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तिकडची ज्वारी कशी आहे, आईचा गुडघा कसा आहे, ते कळवावे. आर्ट स्कुलातलं माझं दुसरं वर्ष बरं चाललं आहे. तिसऱ्या वर्षाचा अर्ज दिवाळीआधी द्यायचा असतो आणि त्यावर वडिलांची सही लागते. अर्ज सोबत जोडला आहे.

तुम्ही मागच्या खेपेला विचारलं होतं, की चित्रं काढून माणूस पुढं करतो काय. बाबा, मला पुस्तकांसाठी चित्रं काढायची आहेत. आपल्या शाळेच्या पुस्तकातला बैल आठवतो? त्याचे मागचे पाय घोड्याचे होते आणि तोंड शेळीचं. ज्यानं तो काढला त्यानं बैल जन्मात पाहिला नसावा. पोरं तसला बैल पाहून शिकतात हो! ती सगळी चित्रं मला नव्यानं काढायची आहेत.

परवा वर्गात मास्तरांनी प्रत्येकाला विचारलं, की तुझी स्फूर्ती कोण. पोरांनी इटलीतल्या चित्रकारांची नावं घेतली. मी सांगितलं, पोळ्याला आमचे बाबा सर्जाच्या अंगावर गेरूचे ठप्पे मारतात ते, आणि तांड्यावरच्या नानीबाईचा आरशांचा घागरा. सगळा वर्ग हसला. मलाही थोडं हसू आलं, पण खोटं काय सांगायचं?

सोबतच्या गुंडाळीत आमच्या मोठ्या मास्तरांचं, म्हणजे गोऱ्या साहेबांचं, चित्र आहे, अर्ध्या अंगाचं, तेलरंगातलं. ते स्वतः म्हणाले की निर्जीव झालं आहे. तरी माझं पहिलंच आहे, बैठकीत लावावं.

माया पातळ होऊ देऊ नये, ही पायांपाशी विनंती.
आपला, जगदेव

अनसिंग
२६ सप्टेंबर १९३७

चि. जगदेव यास इंद्रभानाचा अ. उ. आ.

तुहं पत्र भेटलं, गुंडाळी भेटली. तुही भाषा लय सोवळी झाली बावा, दोनदा वाचून घ्या लागली.

तुह्या मास्तरचं चित्र बैठकीत टांगलं. त्या एकाच डोळ्यावर लावलेल्या काचंतून थो मानूस घरभर पाहते. तुही आई तथून जाताना डोक्यावर पदर घेते, म्हनते परक्या मानसासमोर किती येरझारा घालू. चौथ्या दिवशी तांड्यावरचे दौलतसिंग नाईक आले. त्यायनं चित्राले दोनदा राम राम केला, जवाब आला नाही म्हनून चहा न घेता निघून गेले. आता मी त्यायले काय समजावू?

तुह्या आईचा गुडघा धरला म्हनून या साली सोमलाले राखनदार ठिवलं, तर त्याच्या पायात काटा मोडला, थो घरी बसला हाय. ज्वारी दुधात आली, पाखरं थव्यानं उतरून राह्यली. मंग मी मास्तरले वेळूच्या काठीवर बांधलं आन वावरात उभं केलं. काय सांगू तुले! चार दिवस झाले, एक पाखरू धुऱ्याच्या आत नाही. सोमला लंगडत येऊन पाहून गेला, म्हने पाटील, या सायबानं माह्यी भाकर मारली. आन तुहा मास्तर म्हनते निर्जीव! त्याले म्हना अथी येऊन पाय.

मंग म्या इचार केला. तुह्या चित्राची पारख मले नाही, तुह्या मास्तरलेही दिसत नाही. पाखरायले हाय. तवा आपल्या दोघात हा ठराव. तू पाठवशीन थे चित्र मी वावरात लावीन. पाखरं पळाली तर अर्जावर सही. बसली तर सामान बांधून घरी येजो आन वखर धरजो. रिठदचे पाव्हने पोरगी दाखवाले तयारच हायेत.

माया कायम हाय, तवा जेवत जाजो.
इंद्रभान

गिरगाव, मुंबई
४ ऑक्टोबर १९३७

तीर्थरूप बाबांस जगदेवाचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा रडू आलं, तिसऱ्यांदा गुंडाळ्या बांधायला घेतल्या. मुंबईत दोन वर्षं रक्त आटवून शिकायचं आणि निकाल अनसिंगच्या चिमण्यांनी लावायचा! पण तुम्ही ठराव केला म्हणजे केला. तुमचा स्वभाव मी ओळखतो.

एक वाघ पाठवतो आहे, सर्कशीतला पाहून काढलेला. दुसरं चित्र शाळेतल्या पांढऱ्या पुतळ्याचं आहे. तो परदेशातला जुना देव आहे, त्याचे हात मोडलेले आहेत आणि अंगावर कपडा नाही. ती तिकडची रीत आहे, कृपा करून माझ्यावर रागावू नका.

तिसरं चित्र आईचं आहे, आठवणीनं काढलं. ते वावरात लावू नका. घरात लावा. माझ्या मनातलं असं हे एकच चित्र कागदावर उतरलं आहे. राखणीच्या माच्यावर उभी आहे, उजव्या हातात गोफण, डावा हात ओटीतून अर्धा बाहेर आलेला आणि मूठ गच्च. मास्तर म्हणाले, ही मूठ चुकली, पुसून टाक, हात सैल काढ. मी तीनदा पुसली, तीनदा तशीच काढली. लहानपणापासून तिला माच्यावर अशीच पाहिली आहे. त्या मुठीत काय असायचं ते मला ठाऊक नाही. पण मुठीशिवाय ती आई वाटतच नाही.

पुन्हा सांगतो, ते घरात लावा.

लेकरावर रुसू नये.
जगदेव

अनसिंग
१७ ऑक्टोबर १९३७

चि. जगदेव यास अ. उ. आ.

निकाल लिहून राह्यलो, मन घट्ट करून वाच.

तुहा हात नसलेला देव लावला तशी पाखरं पळाली आन निंदाले आलेल्या बायाही पळाल्या. मोतीबाई म्हने, पाटील, याले नेसवा, नाही तर आमी वावरात येत नाही. माह्यं जुनं धोतर त्याले गुंडाळलं. आता दौलतसिंग नाईक त्याले आठ दिवसांसाठी मांगून राह्यले, त्यायच्या वावरात पोपट लय हायेत. राम रामाचा रागही गेला. हा देव पास.

वाघानं दोन दिवस काम केलं. तिसऱ्या दिवशी साळुंक्या त्याच्या शेपटावर बसल्या. पन रिठदचे पाव्हने आले तवा त्यायचे बैल वाघ पाहून उधळले, दमनी नाल्यात गेली, पाव्हने चिखलात. पाखरं नाही तर बैल तरी भ्याले, म्हनून म्या वाघाले अर्धा पास केला. सोयरिकीचं मात्र आता कोनी नाव काढत नाही.

मंग तुह्या आईचं चित्र. तू म्हनतं, घरात लावा. अबे, ठराव म्हनजे ठराव. सोमवारी लावलं. मंगळवारी सकाळी जाऊन पाहतो तर काय, डोक्यावर चिमन्या, खांद्यावर चिमन्या, गोफनीवर दोन पोपट! गावातली सारी पाखरं तथी जमा. म्या हाका मारल्या, डबा वाजवला. त्यायनं मले पाह्यलं, मंग चित्राकडं पाह्यलं, आन बसून राह्यली. माह्या जल्मात असं फजितीचं बुजगावनं म्या पाह्यलं नाही.

जगदेवा, एका चित्रावरही पाखरं बसली म्हनजे तू नापास झाला. अर्ज बिनसहीचा ठिवला हाय. दिवाळीले सामान घेऊनच ये. मले का बरं वाटून राह्यलं? पन शब्द देल्ला तर देल्ला. तुही आई तीन दिवस झाले माह्याशी बोलत नाही, भाकर आदळते.

येताना सांभाळून येजो.
इंद्रभान

अनसिंग
१९ ऑक्टोबर १९३७

चि. जगदेवभाऊजींस, गोजरा वहिनीचा नमस्कार. सासूबाई सांगून राह्यल्या आणि मी लिहून राह्यली. चुलीपाशी बसल्या आहेत, डोळे पुसतात आणि म्हणतात धूर झाला.

लेकरा, तुह्या आईचे आशीर्वाद. तू नापास नाही. नापास मी हाय.

लगीन होऊन या घरी आली तवापासून माच्यावर मी बसते. तुह्या बापानं गोफन देली, गोटे देल्ले, म्हने मार. पहिल्याच दिवशी एक चिमनी लागली. थे पडली, मले दोन दिवस जेवन गेलं नाही. तवापासून ओटीत गोटे नाही नेत, ज्वारी नेते. घरातलीच, पसाभर. सकाळी विहिरीच्या कोपऱ्यात टाकते. त्यायचं पोट भरते, थे कनसाले तोंड लावत नाहीत. गोफन नुसती फिरवते, तुह्या बापाले आवाज गेला पायजे म्हनून. तीस वर्सं झाली, या कानाचं त्या कानाले नाही.

तुह्या चित्रावर पाखरं नाही बसली. थे माह्याकडं आलती, सकाळची ज्वारी घ्याले. या वर्सी गुडघ्यापायी मले जाता आलं नाही, उपाशी होती बिचारी. तू मूठ काढली आन त्यायनं वळखली. तू पाठीत धपाटा खावा असा पोरगा हायेस, माह्यं सारं उघडं पाडलं.

माह्या पापापायी लेकाचं शिक्षन गेलं तर मले झोप येनार नाही. म्हनून हे पत्र टाकायच्या आधी गोजरी तुह्या बापाले मोठ्यानं वाचून दाखवनार हाय. मंग काय व्हायचं थे होऊ दे.

(भाऊजी, वाचून दाखवलं. मामंजी उठले. जोडे घालून वावरात गेले. — गोजरा)

अनसिंग
२४ ऑक्टोबर १९३७

चि. जगदेव यास इंद्रभानाचा अ. उ. आ.

तीस वर्सं मी दरसाल म्हनतो, विहिरीच्या कोपऱ्यात पाखरं काहून जास्त. देवाले नवस केला, तांड्यावरून मंतरलेला लिंबू आनला. आन माह्या घरची लक्ष्मी त्यायले पंगत वाढून राह्यली होती! त्या मुठीत गोटा हाय असंच मी समजत होतो. एकदा तरी उघडून पाहा लागत होती.

पाखरायनं वळखलं, तू न पाहता काढलं, आन मी एका ताटात जेवलो तरी मले दिसलं नाही. तुह्या मास्तरले सांगजो, मूठ बरोबर हाय. आन पुस्तकातले बैलही तूच काढजो, दुसऱ्याच्या हाती देऊ नोको.

चित्र वावरातून काढलं. घरात लावलं. तर चिमन्या बैठकीत येऊन राह्यल्या, तुही आई त्यायले आता उघड उघड दाने टाकते आन माह्याकडं पाहून हासते. बोलाले लागली.

अर्ज सही करून सोबत पाठवला हाय. दिवाळी झाली की परत जाजो.

एक गोष्ट लिहू का नोको असं दोन दिवस चाललं. त्या दिवशी तुह्या आईचं पत्र आयकून वावरात गेलो तवा मूठभर ज्वारी घेतली, हात पुढं करून लय टाइम उभा राह्यलो. एक पाखरू जवळ आलं नाही. तीस वर्सं गोटे मारले, कायले येतीन?

तवा माह्यंही एक चित्र काढ. तुह्या आईच्या बाजूले लावीन. हात मातर उघडा काढजो.

वाट पाहून राह्यलो.
इंद्रभान